पाचव्या ओळीतला क्लॅरिनेट

वाजवायचं कसं, हे आमच्या धंद्यात नंतर शिकवतात. आधी शिकवतात ते थांबायचं कुठे. शाळा आली, थांबा. दवाखाना आला, थांबा. दारावर काळ्या किनारीचा सुतकाचा कागद दिसला, की ते घर ओलांडेपर्यंत ढोलाला काठी लावायची नाही. क्लॅरिनेट खाली, मान खाली, आणि चालत राहायचं. तोंडाला पांढरा रंग, डोक्यावर टोप, अंगात भडक किमोनो, पाठीवर कुणाच्या तरी दुकानाचं नाव, आणि आवाज नाही. लहान मुलं अशा वेळी आम्हांला घाबरतात. वाजवणारं माणूस गप्प झालं की त्याचं भूत होतं.

हा नियम माझ्या पाहण्यात सगळ्यांत काटेकोर पाळला तो काजिवारा इवामात्सु यांनी. आणि तो त्यांच्यावर उलटला तेही मी पाहिलं. दहा पावलांवर ढोल घेऊन उभी होते.

आम्ही तिघं. पुढे आमचे मालक गेन्झो, पथकाचेही मालक आणि माझेही. त्यांच्या छातीवर बांधलेल्या चौकटीत छोटा ढोल आणि पितळी थाळी. मधे मी, मोठा ढोल घेऊन. मागे इवामात्सु, आमचे इवा-सान, एक पाय आखूड असल्यामुळे किंचित झुकत, क्लॅरिनेट वाजवत. लोक आम्हांला चिंदोन म्हणतात. दुकान उघडलं, सेल लागला, की गावभर सांगत फिरायचं. दवंडीच ती, फक्त सुरात. ओंगा नदीच्या काठचं आमचं गाव कोळशावर जगायचं, आणि कोळशावर जगणाऱ्यांच्या खिशातलं सुटं नाणं ज्या दुकानांना हवं असे त्यांच्यावर आम्ही जगायचो.

इवा-सान मुळात आमच्यातले नव्हेत. मोजी बंदरावरच्या एका चित्रपटगृहात सोळाव्या वर्षापासून ते पडद्याखालच्या खड्ड्यात बसून वाजवत. मूकपटांचे दिवस. पडद्यावर बाई रडली की खड्ड्यातून क्लॅरिनेट रडायचा. मग पडदा स्वतःच बोलायला लागला. महिन्याभरात खड्ड्यावर फळ्या ठोकल्या, वर प्रेक्षकांच्या खुर्च्या मांडल्या. इवा-सान म्हणायचे, "मला काढलं नाही ग, हिसानो. माझ्यावर खुर्च्या ठेवल्या."

कोळशाच्या गाडीतून ते आमच्या गावात उतरले, तेव्हा गेन्झोंचे वडील पथक चालवत. स्वरलिपी वाचणारा माणूस रस्त्यावर आला याची माझ्या सासऱ्यांना कोण फुशारकी! चारचौघांत सांगायचे, "आमचा क्लॅरिनेटवाला कागद बघून वाजवतो." इवा-सान हसायचे. रस्त्यात कागद धरणार कोण?

एक्केचाळीस साली रस्त्यावरची वाजंत्री बंद झाली. पितळी थाळी सरकारने धातूसाठी नेली. क्लॅरिनेट लाकडाचा, म्हणून राहिला. माणूस लंगडा, म्हणून तोही राहिला. त्या दोघांना मग स्टेशनवर उभं केलं. पोरं लढाईवर निघायची, बायका कागदी झेंडे हलवायच्या, इवा-सान वाजवायचे. लढाईची गाणी सोपी असतात. दोन सुरांत छाती भरते, तिसऱ्यात डोकं रिकामं होतं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही असा हुकूम होता. मधे शांतता पडली तर बायका रडतील. ते थांबले नाहीत. चार वर्षं, एकाही गाडीला नाही.

त्यांतली बरीच पोरं लाकडी पेटीतून परत आली. काही पेट्यांत हाडांऐवजी खडा असे. तोफू विकणाऱ्या एका बाईची पेटी अशीच खुळखुळली. ती तीच पेटी हातात घेऊन इवा-सानांच्या दारात आली. म्हणाली, "तुझ्या वाजवण्यात माझा पोरगा शेवटचं काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही. त्याचे ओठ हलताना दिसले तेवढे."

पुढे आयुष्यभर इवा-सानांनी तोफू तिच्याकडूनच घेतलं. ती दर खेपेला कोपऱ्याचा तुटका तुकडा द्यायची आणि ते मुकाट्याने घ्यायचे.

लढाई हरलो. तोफेच्या गोळ्याच्या रिकाम्या नळकांड्यातून मालकांनी नवी थाळी करून घेतली. तिचा आवाज जुन्या थाळीपेक्षा बरा होता, हे कुणी मोठ्याने म्हणत नसे. ज्यांच्याशी लढलो त्यांच्या तळावर नाचगाण्याला वाजवणारे हवे होते. इवा-सान दोन वर्षं तिथे गेले, डबाबंद मांस घेऊन यायचे. "तिकडे सूर आधी वाकवतात, मग वाजवतात," म्हणायचे. सैनिक दुसऱ्या लढाईवर गेले, इवा-सान आमच्याकडे परत आले. त्याच सुमारास कोळसा निवडणाऱ्या बायकांचं कामावरचं एक गाणं तोक्योहून तबकडीवर आलं, धुऊन, पुसून, ठेक्याला बांधून. त्या बायकांनी ते ऐकलं आणि एकमेकींकडे पाहिलं. त्यातली शिवी कुठे गेली म्हणाल्या. पण त्यावर नाचल्या. आम्हीही तेच वाजवलं. लोकांना जे हवं असतं ते वाजवणारा माणूस चांगला की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

इवा-सानांची बायको लढाईच्या काळात क्षयाने गेली. मागे मुलगा, तोशिहारु. लढाईनंतरची दोन वर्षं तो आमच्याबरोबर फिरला. मालकांच्या छातीवर ढोल, आणि थाळी वेगळी काढून तोशिहारुच्या हातात. टिन-टिन, मधे जागा, टिन. ती मधली जागा तो हवी त्यापेक्षा जरा लांब सोडायचा. मालक खेकसायचे, "झोपलास काय रे? ठोका कुठे गेला?" इवा-सान म्हणायचे, "राहू दे, गेन. तेवढ्यात मी श्वास घेतो."

बाराव्या वर्षी त्याने थाळी खाली ठेवली. शाळेत पोरं त्याच्या तोंडाला खडू फासायची. सतराव्या वर्षी तो खाणीत गेला. इवा-सानांनी पाय धरायचे बाकी ठेवले होते. पोरगा म्हणाला, "बाबा, तिथे सगळ्यांचीच तोंडं काळी असतात. कुणी कुणाला हसत नाही."

कंपनीच्या चाळींच्या पाच ओळी होत्या, खाणीतल्या टाकाऊ दगडमातीच्या टेकडीएवढ्या ढिगाला पाठ लावून. लग्न झाल्यावर त्याला पाचव्या ओळीत घर मिळालं. लग्नाच्या जेवणात, दारू पुरती चढायच्या आत, तो बापासमोर गुडघे टेकून बसला.

"बाबा, एकच मागतो. आमच्या ओळीत वाजवू नका."

इवा-सानांनी प्याला खाली ठेवला. "बरं," म्हणाले.

पाच वर्षं आम्ही चार ओळी वाजवत जायचो आणि पाचवीच्या तोंडाशी गप्प व्हायचो. नव्या माणसांना वाटे, त्या ओळीत कुणीतरी कायमचं आजारी आहे. सून मिनेको दारातून वाकून नमस्कार करायची. नात झाली, चियो. तिला कडेवर घेऊन उभी राहायची. चियो आजोबांकडे बोट दाखवून म्हणायची, "भूत आलं." इवा-सानांना त्यातही आनंद होता.

बासष्टच्या जानेवारीच्या शेवटी कंपनीच्या दोन नंबरच्या खाणीत स्फोट झाला. सकाळची पाळी. त्या पाळीतले बहुतेक पाचव्या ओळीतले. तेवीसपैकी अठरा प्रेतं वर आली. पाच जण आगीच्या पलीकडे राहिले. त्यांत तोशिहारु.

खाणीच्या तोंडाशी आम्ही तीन दिवस उभे होतो. हवा खाली नेणारा एक लोखंडी पाइप तिथे जमिनीतून वर यायचा. इवा-सान त्याला कान लावून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताठ झाले. मला हाताने बोलावलं.

"ऐक."

मी कान लावला. पाइप गार होता. आत काहीतरी होतं, पण खाणीत नेहमीच काहीतरी असतं.

"टिन-टिन," ते म्हणाले. "मधे जागा. टिन. जागा लांब आहे, हिसानो. तोच आहे."

कंपनीचा माणूस आला. तरुण होता, डोळे सुजलेले. त्यानेही कान लावला. "काका, तो पंप आहे."

"पंप श्वास घेत नाही," इवा-सान म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कंपनीने वाट बंद केली. हवा मिळाली की आग वाढते. म्हणून विटा, माती, वर सिमेंट. पाइपही कापला. इवा-सान कापलेल्या तोंडावर हात ठेवून उभे होते. जणू भांड्यातली वाफ जाऊ नये म्हणून झाकण धरलंय. चौघांनी उचलून बाजूला केलं.

कंपनीने मृत्यूची तारीख जाहीर केली. पाचांतल्या चार घरांवर सुतकाचे कागद लागले. देवळातल्या भिक्षूने पाचवाही लिहून दिला होता. इवा-सान सुनेला म्हणाले, "तो लावायचा नाही. मी ठोके ऐकलेत. कागद लागला की तो मेला."

मिनेको हो म्हणाली. सासऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. पण कागद नाही म्हणजे सुतक नाही. सुतक नाही म्हणजे भिक्षू नाही, उदबत्ती नाही, शेजारणी येऊन शेजारी बसणं नाही. बाकीच्या घरांतून रडण्याचे आवाज यायचे. तिच्या घरातून भांड्यांचे. मी एकदा गेले तेव्हा ती तोशिहारुचं जेवण वाढून ठेवत होती. इवा-सानांनी तसं सांगितलं होतं. संध्याकाळी तोच गार भात-मुळा ती स्वतः खायची.

"हिसानो-सान," ती म्हणाली, "मला कळत नाही मी कोण आहे. विधवा असते तर काय करायचं ते ठाऊक आहे."

मी इवा-सानांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला ऐकू आलं नाही म्हणून तू असं बोलतेस."

मार्चच्या सुरुवातीला स्टेशनसमोर होरिए नावाच्या माणसाने टीव्हीचं दुकान उघडलं. आम्हांला बोलावलं.

"पाचही ओळी फिरा," म्हणाला. "भरपाई आलीये लोकांच्या हातात. दारूत जायच्या आत टीव्हीत गेली तर बरंच आहे की नाही? पोरांना गाणी तरी ऐकायला मिळतील."

मालक म्हणाले, "ओळींत सुतक आहे."

"मग गप्प जा. पण जा. पाठीवरचं नाव तर वाचतील!"

मालकांनी इवा-सानांकडे पाहिलं. मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "जाऊ या."

दुपारची वेळ होती, ढगाळ. पहिल्या चार ओळींत थोडं वाजवलं, थोडं थांबलो. पाचवीत पाऊल ठेवलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांवर कागदच कागद होते. वारा नव्हता, तरी एखादा कोपरा हलायचा. आम्ही गप्प चालत होतो. माझ्या पाठीवर लिहिलं होतं, घरबसल्या सगळं जग. दारांतून बायका पाहत होत्या. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. आमच्या चपलांचा आवाज आणि इवा-सानांच्या आखूड पायाची फरपट, तेवढंच.

मिनेकोच्या दारासमोर ती फरपट थांबली. मी वळले. इवा-सान दाराकडे तोंड करून उभे होते. क्लॅरिनेट वर येत होता.

मालक दबक्या आवाजात म्हणाले, "इवा-सान, दोन्ही बाजूंना कागद आहेत."

"या दारावर नाही."

"अहो, पोराने नको म्हटलं होतं."

"मग त्याने बाहेर येऊन सांगावं."

आणि ते वाजवू लागले. आम्ही सकाळी निघताना वाजवतो ती सलामीची चाल. दोन ओळींची, साधी, शेंबड्या पोरालाही येणारी. पहिली ओळ संपली की थाळीचे तीन ठोके असतात. त्यांनी ओळ वाजवली आणि जागा सोडली. लांब जागा. कुणी ठोका दिला नाही. त्यांनी पुन्हा ती ओळ वाजवली. पुन्हा जागा.

आत चियोच्या टाळ्या ऐकू आल्या. "भूत वाजवतंय! आई, भूत वाजवतंय!"

शेजारच्या दारातली म्हातारी गुडघ्यावर बसली आणि तिने कान झाकले. तिचे दोन मुलगे त्या पाळीत होते.

थाळी मालकांच्या छातीवर होती. तिसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा मालकांचा हात वर गेलेला मी पाहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पांढऱ्या रंगात दोन रेषा पडल्या होत्या. एक ठोका. तेवढाच त्या म्हाताऱ्याला हवा होता. मी पुढे होऊन मालकांचं मनगट धरलं. का धरलं, ते त्या क्षणी मला स्वच्छ माहीत होतं. तो ठोका पडला असता तर त्या दारावर कधीच कागद लागला नसता. मिनेको जन्मभर गार भात खात राहिली असती.

दार सरकलं. मिनेको बाहेर आली. एका हातात कागद, महिनाभर पेटीत राहून चार घड्या पडलेला. दुसऱ्या मुठीत भाताची शितं. ताटातलीच असणार. तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही. कागद उलटा करून तिने शितं चिरडून त्याला फासली.

इवा-सान वाजवतच होते, पण आता जलद, जागा न सोडता. स्टेशनवर वाजवायचे तसं.

"बाबा," मिनेको म्हणाली. आवाज चढवावा लागला तिला. "बाबा, अडतीस दिवस झाले. मला रडू द्या."

तिने कागद दारावर लावला. तळहाताने वरून खाली, एकदा, दोनदा. एक घडी राहून राहून फुगत होती; ती तिने अंगठ्याने दाबून धरली.

क्लॅरिनेट थांबला. मधल्याच सुरावर. इवा-सान त्या कागदाकडे पाहत होते. दुसरा कुणी असता तर फाडला असता. त्यांनी क्लॅरिनेट खाली केला, मान खाली घातली, आणि त्या घराची हद्द संपेपर्यंत तसेच चालत गेले. तीस वर्षांची सवय. मला वाटतं, सवय नसती तर त्यांना चालताच आलं नसतं.

आमच्या मागे रडणं सुरू झालं. ते नीट ऐकू आलं, कारण आमच्यातलं कुणी वाजवत नव्हतं.

ओळ संपल्यावर मोठ्या रस्त्याला लागलो. मालकांनी ढोलाला काठी लावली. मीही लावली. मागून क्लॅरिनेट आला नाही. चौकात होरिए उभा होता. म्हणाला, "सुरांशिवाय कसली जाहिरात?" कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी सुतक फिटलं आणि ओळीतले कागद उतरले. मिनेकोने आपलं रडून घेतलं होतं. ओसाकाजवळ तिची बहीण टीव्हीच्या काचनळ्यांच्या कारखान्यात होती, तिने बोलावलं. मार्चच्या अखेरीस गाडी होती. शाळा संपवून शहरांत कामाला निघालेल्या पोरापोरींनी ती भरलेली. इवा-सान मला म्हणाले, "तू चल. एकट्याने त्या फलाटावर मला उभं राहवणार नाही."

आम्ही गेलो. त्यांचे हात रिकामे होते, ते त्यांना कुठे ठेवावेत कळत नव्हतं. मिनेकोने खाली वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "मी आज वाजवणार नाही. नीट ऐकून घेतो तुमचं काय ते."

"काळजी घ्या बाबा," ती म्हणाली. "तोफू दुसरीकडून घ्या. ती बाई तुटकं देते."

ते हसले. त्या वर्षातलं पहिलंच हसू असेल.

गाडीची शिट्टी झाली. मिनेको चियोला घेऊन डब्यात चढली आणि तिने तिला खिडकीत उभं केलं. चियोने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी फलाटाच्या खांबावरचे भोंगे सुरू झाले. निरोपाचं गाणं, तबकडीवरचं, शेकडो आवाजांचं. जाणाऱ्या पोरांसाठी स्टेशनने ते यंत्र नुकतंच बसवलं होतं. चियोचे ओठ हलत होते. ती बोट दाखवून काहीतरी सांगत होती, लांबलचक, मधे श्वास घेऊन पुन्हा. इवा-सान गाडीबरोबर लंगडत धावले, कान पुढे करून. फलाट संपला.

गाडी दिसेनाशी झाली तरी गाणं चालूच होतं.

मी त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा ते खांबाला धरून उभे होते.

"काय म्हणाली ग ती?"

मलाही ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, "लवकर येते म्हणाली."

ते भोंग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सत्तावीस वर्षं ढोल बडवतेस, हिसानो. तुला काय ऐकू येतंय!"